होडीचा भार कुठे टेकवावा?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे निरनिराळ्या किनाऱ्यांवरून आलेली असली, तरी ती एकाच विषयाची आहेत. लहान होडी पाण्याबाहेर काढली, की तिचा तळ कशावर आणि नेमका कुठे टेकवायचा, हा तो विषय. पहिल्या पत्रातील तक्रार अनेकांच्या होड्यांना लागू पडणारी आहे, म्हणून तिचे उत्तर अधिक सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आम्ही अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात लेक मिनेटोंकाच्या काठी राहतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही १८ फुटी फायबरग्लासची जुनी मोटारबोट घेतली. तिचे इंजिन आत, पिछाडीला लागून आहे. उन्हाळाभर ती धक्क्याजवळच्या ॲल्युमिनियमच्या लिफ्टवर, म्हणजे बोट पाण्याबाहेर उचलून धरणाऱ्या चौकटीवर, असते. ही लिफ्ट घराच्या आधीच्या मालकांच्या १६ फुटी बोटीसाठी बसवलेली होती. लिफ्टवरील गालिचा लावलेल्या दोन लांब फळ्या आमच्या बोटीच्या मागच्या टोकाच्या सुमारे दीड फूट अलीकडेच संपतात. यंदा बोटीचा वेग घटला आहे आणि धावताना नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, पाण्यात दबते. बोट लिफ्टवर असताना मधल्या कप्प्याचे झाकण अडकते, पाण्यात मात्र सहज उघडते. लिफ्टच्या पाटीवर ३,००० पौंड आणि बोटीच्या पुस्तिकेत २,७०० पौंड असे वजन दिलेले आहे. आमचे काय चुकते आहे?
— एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचा पुरावा ते अडकणारे झाकण आहे. पाण्यात सहज उघडणारे झाकण लिफ्टवर अडकते, याचा अर्थ लिफ्टवर चढल्यावर बोटीचा सांगाडा वाकतो किंवा पिळतो आणि पाण्यात उतरल्यावर पुन्हा बराचसा मूळ आकारात येतो. पुष्कळ मालक अशा वेळी बिजागरीला तेल देतात किंवा झाकणाची कड घासून घेतात. आपण तसे केले नाही, हे चांगले झाले.

पाण्यात तरंगणारी बोट सगळ्या बाजूंनी, जणू ओंजळीत धरल्यासारखी, उचललेली असते. सामानासह आपल्या बोटीचे वजन साधारण १,४०० किलो आणि पाण्याला टेकलेला तळ सुमारे आठ चौरस मीटर धरला, तर दर चौरस मीटरवर जेमतेम १७५ किलोचा भार येतो. तीच बोट प्रत्येकी तीन मीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद अशा दोन फळ्यांवर पूर्णपणे टेकली, तर टेकलेले क्षेत्र एक चौरस मीटरच्या किंचित वर राहते आणि भार १,३०० किलोच्या घरात जातो. चांगला बांधलेला तळ एवढा भार सहन करतो. मात्र फळ्यांचा कोन चुकलेला असेल आणि बोट प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांशी वीतभर जागेवरच टेकत असेल, तर तोच भार आणखी आठ-दहा पटींनी वाढतो, आणि तोही तासाभरासाठी नव्हे, तर संपूर्ण उन्हाळाभर. फायबरग्लासमधील पॉलिएस्टर राळ सततच्या भाराखाली हळूहळू सरकते आणि उन्हाने तापल्यावर अधिक सरकते. म्हणून एका दिवसात न दिसणारा बाक दोन उन्हाळ्यांत कायमचा होऊन बसतो.

आपल्या बोटीच्या बाबतीत खरा घोटाळा त्या दीड फुटाचा आहे. इंजिन आणि पंख्याची (प्रोपेलरची) जोडणी मिळून तीनशे किलोंहून अधिक वजन बोटीच्या अगदी मागच्या टोकाला असते आणि नेमका तोच भाग आपल्या लिफ्टवर अधांतरी लोंबतो. फळी जिथे संपते तिथून पिछाडी खाली झुकते आणि तळाच्या मागच्या भागात, खालून पाहिल्यास, आत गेलेला बाक तयार होतो. तिकडचे बोटवाले या दोषाला ‘हुक’ म्हणतात. धावत्या बोटीत हा खाली झुकलेला भाग पाण्याला अडवून पिछाडी वर उचलतो, त्यामुळे नाळ दबते आणि वेग घटतो. आपण वर्णन केलेली लक्षणे तंतोतंत हीच आहेत. वेग घटण्यास पंख्याची वाकलेली पाती किंवा तळावर साचलेली शेवाळेही कारण असू शकतात, तेही अवश्य तपासून पाहावे; पण नाळ दबते आहे, म्हणून माझा पहिला संशय तळावरच आहे.

ही तपासणी आपल्याला घरच्या घरी करता येईल. बोट लिफ्टवर असताना दोन मीटर लांबीची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी तळाच्या मधल्या कण्यापासून वीतभर बाजूला, लांबीच्या दिशेने, मागच्या टोकाला लावून धरावी. तळ सरळ असेल तर पट्टी सर्वत्र टेकते. बाक असेल तर दोन्ही टोके टेकतात आणि मध्ये फट राहते. काही वर्षांपूर्वी रायगडच्या एका खाडीकाठी अशीच एक बोट मी पाहिली. मालकाची तक्रार इंजिनाबद्दल होती आणि इंजिन दोनदा उघडूनही झाले होते. पट्टी लावली, तर मधल्या फटीत माझ्या करंगळीचे टोक शिरले. मोजले तेव्हा फट नऊ मिलिमीटर भरली. ती बोट चार महिने दोन सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभी होती आणि मागचा ठोकळा पिछाडीपासून हातभर पुढे ठेवलेला होता. इंजिनात काहीही दोष नव्हता.

आता उपाय. जुन्या फळ्या काढून इतक्या लांबीच्या फळ्या बसवाव्यात, की त्यांचे मागचे टोक बोटीच्या पिछाडीच्या उभ्या फळीपर्यंत पोहोचेल किंवा तिच्या दोन-चार सेंटिमीटर बाहेर येईल. तेवढ्यापुरता लाकडाचा तुकडा मागे जोडून घेण्याचा मोह होईल. तो टाळावा, कारण जोडावर फळी वाकते आणि आधार पुन्हा अलीकडेच संपतो. फळ्या दोन्ही बाजूंना कुठे बसवायच्या, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. फायबरच्या तळाच्या आत लांबीच्या दिशेने तुळया बसवलेल्या असतात आणि इंजिनाची बैठक सहसा त्यांच्यावरच असते, म्हणून इंजिनाचे झाकण उघडले की त्या कुठून जातात याचा अंदाज येतो. फळी शक्य तितकी या तुळयांच्या खाली यावी. तुळई आणि बाहेरची कड यांच्या मधला मोकळा पत्रा पातळ असतो. लाकडी हातोडीच्या मुठीने तळावर हलके ठोकत गेल्यास तुळईखाली आवाज बद्द येतो आणि मोकळ्या भागात तो पोकळ होतो. तळावर लांबीने जाणाऱ्या बारीक कडा असतात, त्यांच्यावर फळी टेकू देऊ नये, कारण तिथे सगळा भार बोटभर रुंदीच्या रेषेवर येतो आणि जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराला, तडे जातात.

फळीचा कोन जुळवणे हे या कामातील सर्वांत नाजूक काम आहे, आणि घाई केली जाते तीही इथेच. आपल्या प्रकारच्या बोटींचा तळ ‘व्ही’ आकाराचा असतो आणि पिछाडीशी त्याचा उतार बहुधा १८ ते २० अंशांच्या आसपास असतो. १६ फुटी जुन्या बोटीचा उतार वेगळा असू शकतो. जाड पुठ्ठा पिछाडीशी धरून उताराचा साचा कापून घ्यावा आणि त्यावरून फळ्यांचे कोन बसवावेत. मग बोट पूर्ण वर घेऊन जुने एटीएम कार्ड किंवा पातळ प्लास्टिकची पट्टी फळी आणि तळ यांच्यामध्ये सरकवून पाहावी. दोन्ही बाजूंना, पुढून मागेपर्यंत, ती कुठेही सहज आत जाता कामा नये. एका कडेने जाते आणि दुसऱ्या कडेने जात नाही, तर कोन चुकला आहे. फक्त मध्येच जाते, तर फळीच वाकलेली आहे. याच वेळी बोटीचा कणा लिफ्टच्या आडव्या तुळईवर टेकत नाही ना, हेही खाली वाकून डोळ्यांनी पाहावे.

झाकण अडकण्यामागे दुसरेही एक कारण असू शकते आणि त्याचा दोष बोटीकडे नसतो. तळ्याच्या तळाशी रुतलेल्या लिफ्टच्या चार पायांपैकी एखादा चिखलात अधिक खचला, तर बोटीचा भार तिरक्या रेषेत समोरासमोर असलेल्या दोन कोपऱ्यांवर येतो आणि बोट ओल्या कपड्यासारखी पिळली जाते. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून लिफ्टच्या चारही कोपऱ्यांना लावून पाहावी आणि पायांची उंची जुळवून घ्यावी. वसंतात लिफ्ट बसवल्यावर एकदा आणि नंतर पंधरवड्याने पुन्हा एकदा, कारण नव्याने ठेवलेले पाय पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक खचतात.

वजनाच्या आकड्यांबद्दल मात्र मला खरोखर काळजी वाटते. पुस्तिकेतील २,७०० पौंड हे बहुधा कोऱ्या बोटीचे वजन असते. ३० गॅलनच्या टाकीतील पेट्रोलचे सुमारे १८० पौंड, बॅटरीचे ५०, नांगर, साखळी, जीवरक्षक जाकिटे, दोर आणि मुलांची पाण्यातली खेळणी यांचे सहज २०० पौंड धरले, तर बेरीज ३,१०० पौंडांच्या पुढे जाते. म्हणजे आपली लिफ्ट आजच तिच्या मर्यादेबाहेर काम करते आहे. पाटीवरचा आकडा भरलेल्या बोटीच्या वजनापेक्षा किमान पंचवीस टक्क्यांनी अधिक असावा, असे माझे मत आहे. नवी लिफ्ट घेईपर्यंत टाकी अर्धीच ठेवावी, अवजड सामान काढून घ्यावे आणि मुख्य म्हणजे उचललेल्या बोटीत कोणीही बसू नये, तिच्याखालीही जाऊ नये. वर सांगितलेली पट्टीची आणि कार्डाची तपासणी धक्क्यावरून किंवा बाजूला उभे राहून हात लांबवून करावी, आणि ते जमत नसेल तर पट्टीची तपासणी तरी बोट ट्रेलरवर घेऊन करावी.

बोट लिफ्टवर असताना नाळ किंचित उंच आणि तळाचे बूच काढलेले असावे, म्हणजे पावसाचे पाणी मागून वाहून जाते. हे बूच इंजिनाच्या किल्लीलाच अडकवून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

आजवर पडलेला बाक निघेल का, असे आपण विचारले नसले तरी ते मनात असणारच. आधार दुरुस्त करून पट्टीने दर महिन्याला मोजत राहावे. बाक लवकर लक्षात आला असेल तर तो काही अंशी भरून येतो. जो उरेल, तो तळ घासून आणि भरून घेण्याचे काम अनुभवी माणसाकडे द्यावे लागेल. तळे गोठण्यापूर्वी आपण लिफ्ट बाहेर काढत असालच. ती पुढे दुसऱ्या तळ्यावर न्यायची किंवा विकायची असेल, तर झेब्रा शिंपल्यांचा (तळ्यांत झपाट्याने पसरणाऱ्या परक्या शिंपल्यांचा) प्रसार रोखण्यासाठी मिनेसोटाच्या नियमाप्रमाणे ती किमान २१ दिवस कोरडी ठेवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात घालता येत नाही.

प्रश्न : माझी १४ फुटी ॲल्युमिनियमची मासेमारीची होडी आहे. लिफ्टच्या फळ्यांसाठी मी बाजारातले प्रक्रिया केलेले लाकूड वापरले आणि त्यावर गालिचा लावला. एका हंगामानंतर फळीच्या रेषेत पांढरी पूड आणि बारीक खड्डे दिसू लागले आहेत.
— एक वाचक, ओंटारियो, कॅनडा

उत्तर : दोष त्या लाकडातील तांब्याचा आहे. अमेरिका आणि कॅनडात २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी आर्सेनिकयुक्त प्रक्रियेचे लाकूड बंद झाले आणि त्याच्या जागी आलेल्या अनेक प्रक्रियांमध्ये तांब्याचे प्रमाण बरेच जास्त असते. ओला गालिचा ते तांबे ॲल्युमिनियमपर्यंत पोहोचवतो आणि होडीचा पत्रा खाल्ला जातो. गालिचा काढून टाकावा, फळ्या साध्या, प्रक्रिया न केलेल्या लाकडाच्या घ्याव्यात आणि त्यांवर प्लास्टिकचे आवरण बसवावे. साध्या फळ्या लवकर कुजतील, पण फळी बदलणे स्वस्त आहे. पडलेले खड्डे किती खोल आहेत हे जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय होडी पाण्यात उतरवू नये.

प्रश्न : आमची २२ फुटी फायबरची होडी आहे. मासेमारी बंदीच्या काळात आम्ही ती ओंडक्यांवरून ओढून पुळणीवर घेतो आणि शाकारून ठेवतो. वडिलांच्या काळी लाकडी होडी असताना फक्त पठाणाखाली, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याखाली, ओंडके घालत असत. आता कोणी जुने टायर घालायला सांगतात, तर कोणी रेतीच्या गोणी. गेल्या वर्षी एका बाजूला तळ दबून जेलकोटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे आले.
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपल्या वडिलांची पद्धत मुळात बरोबर होती आणि आपल्या होडीला कणा असेल तर आजही तीच धरावी. भार पठाणावर आणि बाजूचे टेकू केवळ कलंडू न देण्यासाठी, हा नियम लाकडी आणि फायबर अशा दोन्ही होड्यांना लागू आहे. फरक इतकाच, की लाकडी होडीत जवळजवळ बसवलेले वाक (आतल्या लाकडी फासळ्या) बाजूचा भार वाटून घेत असत, फायबरच्या होडीत ते काम पातळ कवचावर येते. एका बिंदूपासून सर्व दिशांना गेलेले आपले तडे हेच सांगतात, की तिथे एखादा दगड, टायरची कड किंवा घट्ट झालेली गोण एकाच जागी रुतली होती.

कण्याखाली किमान तीन ठिकाणी रुंद, जाड फळ्या आणि त्यांवर लाकडी ठोकळे ठेवावेत. एक ठोकळा पिछाडीच्या अगदी जवळ, एक मध्यभागी आणि एक नाळेकडे कणा वर वळू लागतो त्याच्या थोडा अलीकडे असावा. सूत धरून तिन्हींची उंची एका रेषेत आणावी आणि मगच होडी टेकवावी. फळी रुंद असण्याचे कारण पुळण हेच आहे. कोरड्या मे महिन्यात दगडासारखी वाटणारी रेती जूनच्या पहिल्या सरींनंतर ठोकळ्याच्या कडेने वाहून जाते आणि ठोकळा एका बाजूला बसतो. म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतर कोणीतरी जाऊन पाचरी पुन्हा ठोकून येणे आवश्यक आहे. बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते. या दोन महिन्यांत निदान तीन वेळा तरी होडीखाली डोकावावे.

टायर आणि गोणी या दोन्हींना बाजूच्या आधारासाठी जागा आहे. कण्याखाली मात्र त्यांतले काहीही नको. गोण अर्धवटच भरावी, म्हणजे ती तळाच्या आकारावर बसते. गच्च भरलेली गोण दगडासारखीच वागते. टेकू होडीतील आडवे पडदे (आतल्या आडव्या भिंती) किंवा बसण्याच्या फळ्या जिथे कवचाला जोडलेल्या असतात, त्या रेषेत लावावेत आणि समोरासमोरचे टेकू दोरीने एकमेकांना बांधून टाकावेत, म्हणजे एक निसटून दुसऱ्यावर भार येणार नाही. इंजिन काढून घरी न्यावे.

यापेक्षाही मोठा शत्रू होडीत साचणारे पाणी आहे. होडीचा उघडा भाग सहा चौरस मीटर असेल आणि दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ६०० लिटर, म्हणजे ६०० किलो पाणी आत जमते. हवामान विभाग २४ तासांतील ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला जोरदार पाऊस म्हणतो आणि कोकणात असे दिवस पावसाळ्यात अनेकदा येतात. एवढे पाणी घेऊन उभ्या असलेल्या होडीचा तळ टेकूंवर दबणार नाही तर काय होईल? बूच काढून ठेवावे, भोकात पालापाचोळा अडकणार नाही असे पाहावे आणि नाळ चार बोटे उंच ठेवावी. झापांवर ताडपत्री घालताना मध्ये उंच आढे करावे, नाहीतर ताडपत्रीच्या झोळीत पाणी साचते आणि शेवटी ते सगळे ओझे होडीवरच येते. उधाणाच्या भरतीची रेषा मे महिन्यात दिसते त्याहून पावसाळ्यात बरीच वर येते, हे आपल्याला सांगायला नको. तरीही नाळेचा दोर माडाला बांधलेला असावा.

प्रश्न : पर्यटकांसाठीची आमची २० फुटी फायबर बोट दुरुस्तीकरिता हायड्रा क्रेनने उचलायची आहे. क्रेनवाला दोन पट्टे घालून थेट एका हुकात अडकवतो. मागच्या वेळी काठाची पट्टी चेपली होती.
— एक वाचक, उत्तर गोवा

उत्तर : पट्टे जितके आडवे पसरतात तितका ताण वाढतो आणि बोटीचे काठ तितके आत दाबले जातात. क्रेनचा हुक खाली ठेवून काम भागवल्यामुळे पट्टा आडव्या पातळीशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर पट्ट्याच्या प्रत्येक बाजूवर, ती एकटीच सगळे ओझे वाहते आहे इतका ताण येतो, आणि काठांना आत ढकलणारा जोर त्या ओझ्याच्या सुमारे ८७ टक्के होतो. एका टनाच्या भाराला ८७० किलोंची चेप बसल्यावर काठ चेपणारच. यावर उपाय म्हणजे हुकाखाली आडव्या दांड्यांची चौकट लावून पट्टे बोटीच्या दोन्ही बाजूंनी उभे उतरवणे. ही चौकट बोटीच्या रुंदीपेक्षा थोडी मोठी असावी आणि उचलायच्या वजनासाठी तपासलेली असावी.

पट्टे रुंद आणि मऊ असावेत, साखळी किंवा तारेचा दोर तळाला लावू देऊ नये. एक पट्टा पिछाडीजवळ, पंख्याला आणि सुकाणूला न लागेल असा, आणि दुसरा पुढच्या आडव्या पडद्याच्या रेषेत घ्यावा. दोन्ही पट्टे एकमेकांना दोरीने बांधले नाहीत, तर पुढचा पट्टा नाळेच्या उतारावरून सटकतो आणि बोट नाकावर कोसळते. आधी वीतभरच उचलून थांबावे. बोट समतोल राहते का ते पाहावे आणि पट्टे नेमके कुठे बसले त्या जागी काठावर रंगाने खूण करून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी अंदाजाने काम होणार नाही. खाली ठेवताना क्रेनवाला घाई करील; बोट ठोकळ्यांवर टेकल्यावर, दोन्ही बाजूंच्या टेकूंच्या पाचरी ठोकून होईपर्यंत, पट्टे निम्म्या ताणावरच राहू द्यावेत, आणि हे त्याच्याशी पैसे ठरवतानाच बोलून घ्यावे.